रिकाम्या जगात पहिली भिंत: निवांत बांधकामाच्या खेळांत नवख्यांनी सुरुवात कशी करावी

ज्या व्हिडिओ गेममध्ये शत्रू नाही, घड्याळ नाही, गुण नाहीत आणि हरण्याची सोयही नाही, अशा खेळांचा आज एक मोठा आणि आपुलकीने जपलेला प्रकार तयार झाला आहे. त्यांत घरे बांधता येतात, गावे वसवता येतात, डोंगर उकरून तळी करता येतात आणि हे सगळे हव्या त्या गतीने करता येते. दिवसभराच्या कामानंतर डोके शांत करण्यासाठी असे खेळ उत्तम आहेत, पण नवखा माणूस नेमका त्यांच्या मोकळेपणापाशीच अडखळतो. समोर अमर्याद जमीन, हाताशी शेकडो वस्तू आणि ‘आता काय करू?’ याचे उत्तर देणारे कोणी नाही, अशा अवस्थेत बरेच जण अर्ध्या तासात खेळ बंद करतात आणि आपल्याला कल्पनाशक्तीच नाही असा चुकीचा निष्कर्ष काढतात. कल्पनाशक्तीचा येथे फारसा संबंध नसतो. कमी पडते ती मर्यादा, आणि ती आपली आपण आखून घ्यायची असते. पुढच्या सर्व पायऱ्या याच एका गोष्टीभोवती रचल्या आहेत.

या प्रकाराची मुळे जुनी आहेत. विल राइट यांनी १९८४ साली हेलिकॉप्टरमधून बॉम्बफेक करण्याचा एक खेळ तयार केला होता. तो घडवताना बॉम्ब टाकण्यापेक्षा त्यातली बेटे आणि शहरे रचण्यातच आपल्याला जास्त गोडी वाटते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्या जाणिवेतून १९८९ साली ‘सिमसिटी’ हा शहर वसवण्याचा खेळ आला, आणि राइट त्याला खेळ (गेम) म्हणण्याऐवजी खेळणे (टॉय) म्हणत असत. हा फरक सुरुवातीलाच मनाशी पक्का केला, तर ‘यात पुढे जायचे कसे?’ हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

पहिली पायरी: आपल्या हाताला काय हवे ते ओळखणे

खेळ निवडताना लोकप्रियतेची यादी पाहू नये. आपल्याला कोणत्या कामाने शांत वाटते, एवढेच स्वतःला विचारावे.

काहीही न शिकता, केवळ क्लिक करत सुंदर काहीतरी उभे राहताना पाहायचे असेल, तर ‘टाउनस्केपर’ घ्यावा. ऑस्कर स्टोलबर्ग यांनी तयार केलेला हा खेळ २०२० साली प्राथमिक रूपात आणि २०२१ साली पूर्ण रूपात आला. समुद्रावर रंगीत घरांची गावे वसवणे, एवढेच त्यात करायचे असते. माझ्या मते अगदी नवख्या माणसासाठी याहून चांगली सुरुवात नाही.

हात थोडा अधिक चालवायचा असेल, भिंती ओढून लांब करायच्या, वाटा रेखाटायच्या, खिडकी सरकवून पाहायची, अशी हौस असेल, तर २०२४ साली आलेला ‘टायनी ग्लेड’ पाहावा. तो पाउन्स लाइट या दोघांच्याच चमूने घडवला आहे आणि संगणकावर चालतो. त्यात भिंतीवरून पाऊलवाट ओढली की भिंतीत आपोआप कमान तयार होते. वापरणाऱ्याच्या मनातले ओळखून खेळानेच उरलेले काम करावे, ही त्याची रीत फार लोभस आहे.

संपूर्ण मोकळेपणा नको आणि थोडा विचार करायला हवा, असे वाटणाऱ्यांसाठी ‘डॉर्फरोमांटिक’ आहे. बर्लिनमधील टोकाना इंटरॅक्टिव्हचा हा खेळ २०२२ साली पूर्ण झाला. त्यात षटकोनी फरशा एकमेकींना जोडत जंगल, शेते, नद्या आणि वस्त्या वाढवायच्या असतात. नेहमीच्या प्रकारात फरशांचा साठा संपतो, म्हणून नवख्यांनी त्यातला क्रिएटिव्ह मोड निवडावा, कारण तेथे फरशा संपत नाहीत.

आणि प्रत्येक ब्लॉक (ठोकळा) स्वतःच्या हाताने रचायचा असेल, तर ‘माइनक्राफ्ट’ला पर्याय नाही. २००९ साली लोकांसमोर आलेला आणि २०११ साली पूर्ण झालेला हा खेळ बहुतेक सर्व उपकरणांवर मिळतो. पैसे न खर्चता तसाच अनुभव हवा असेल, तर ‘लुआन्टी’ हे मुक्त आणि मोफत सॉफ्टवेअर आहे, ज्याचे नाव २०२४ पर्यंत ‘माइनटेस्ट’ होते. जुन्या संगणकावरही ते बऱ्यापैकी चालते. मात्र त्यासोबत तयार खेळ येत नाही. तो आतल्याच यादीतून वेगळा उतरवून घ्यावा लागतो, हे ध्यानात ठेवावे.

‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’चे नाव या संदर्भात नेहमी निघते. तो खेळ गोड आहे, परंतु त्यातले घड्याळ खऱ्या वेळेप्रमाणे चालते आणि जमीन उंच-सखल करण्याची मुभा बरीच पुढे गेल्यावर मिळते. आजच बसून बांधायला लागायचे असेल, तर तो दुसरा किंवा तिसरा खेळ म्हणून ठेवावा. मोबाइलवरच्या ज्या मोफत शहर-बांधणीच्या खेळांत एक इमारत पूर्ण होण्यासाठी तासन्‌तास थांबावे लागते किंवा पैसे भरून तो वेळ वाचवावा लागतो, ते मी या प्रकारात धरतच नाही. ती प्रतीक्षा मुद्दाम बोचावी म्हणूनच रचलेली असते आणि त्यात निवांतपणा उरत नाही.

दुसरी पायरी: नियंत्रणे आणि डोळे

खेळ सुरू करताच बांधायला घेण्याआधी दहा-पंधरा मिनिटे सेटिंग्जना द्यावीत. पहिल्या व्यक्तीच्या नजरेतून दिसणाऱ्या, म्हणजे आपण स्वतःच चालत आहोत असा भास देणाऱ्या खेळांत काहींना मळमळ होते. माइनक्राफ्टमध्ये चालताना दृश्य वर-खाली हलते, ते बंद करण्याची सोय सेटिंग्जमध्ये आहे. ती आधी वापरावी. दृष्टिक्षेत्राचा, म्हणजे एका वेळी किती रुंद दृश्य दिसावे याचा, आकडाही तेथेच बदलता येतो. तो थोडा वाढवला की अरुंद नळीतून पाहिल्यासारखे वाटत नाही. माउस फार वेगाने फिरत असेल, तर त्याची संवेदनशीलता कमी करावी. एवढे करूनही त्रास होत असेल, तर वरून खाली पाहत खेळायचा खेळ निवडावा. टाउनस्केपर आणि डॉर्फरोमांटिकमध्ये हा प्रश्न बहुधा येत नाही.

तिसरी पायरी: टाउनस्केपरमधले एक अंगण

येथे थोडे थांबून बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण हे एक काम नीट केले की या प्रकारच्या खेळांचा स्वभावच कळतो.

खेळ उघडल्यावर फक्त पाणी दिसते. पाण्यावर डावे क्लिक केले की दगडी फरसबंदीचा एक तुकडा वर येतो. त्याच तुकड्यावर पुन्हा क्लिक केले की तेथे घर उभे राहते, आणि आणखी क्लिक करत गेले की मजले चढत जातात. उजवे क्लिक केले की तो भाग निघून जातो. शिकण्यासारखे एवढेच आहे. रंगपट्टीतून एकच रंग निवडा आणि चार-पाच घरे एका ओळीत लावा. खेळ छपरे स्वतः जुळवतो, खिडक्या आणि पायऱ्या स्वतः ठरवतो. यामागे शेजारच्या तुकड्यांना काय जुळेल ते तपासत नेणारी एक गणिती पद्धत आहे, आणि जमिनीची चौकट मुद्दामच वेडीवाकडी ठेवलेली असल्यामुळे रस्ते जुन्या गावासारखे वळणदार होतात.

आता फरसबंदीचा एक छोटा चौक मोकळा ठेवून त्याच्या चारही बाजूंनी घरे लावत या. वर्तुळ पूर्ण होऊन शेवटची फट बुजली, की आतल्या फरशीच्या जागी हिरवळीचे अंगण तयार होते. त्यानंतर एखाद्या उंच घराचा खालचा मजला उजव्या क्लिकने काढून पाहा. वरचे घर पडत नाही, खाली आधार येऊन ते तसेच उभे राहते. खेळाने कोठेही न सांगितलेले हे नियम स्वतः शोधण्यात खरी रंगत आहे, म्हणून ते सगळे आधी वाचून ठेवू नका. चुकल्यासारखे वाटले तर एक पाऊल मागे जाण्याची सोय आहेच. पहिल्या बैठकीत अंगणाभोवतीची दहा-बारा घरे झाली की थांबा. गाव पसरवत नेण्याचा मोह होतो, परंतु लहान गाव नीट पाहण्याचा आनंद निराळा असतो, आणि पसरलेल्या गावात नजर कोठेच टिकत नाही.

चौथी पायरी: माइनक्राफ्टचे जग तयार करताना

माइनक्राफ्टचे जग मध्यबिंदूपासून प्रत्येक दिशेला सुमारे ३ कोटी ब्लॉक पसरलेले असते, आणि एक ब्लॉक म्हणजे एक घनमीटर. एवढ्या विस्ताराचा नवख्याला काहीच उपयोग नसतो. नवे जग तयार करताना क्रिएटिव्ह मोड निवडावा. त्यात सर्व ब्लॉक अमर्याद मिळतात, इजा होत नाही आणि उडता येते. काठिण्य ‘पीसफुल’ ठेवावे, म्हणजे रात्री भुताखेतांची वर्दळ होत नाही. खेळातला एक दिवस वीस मिनिटांचा असल्यामुळे बांधकाम ऐन रंगात असताना अंधार पडतो. त्यासाठी दिवस कायम ठेवण्याचा पर्याय जगाच्या सेटिंग्जमध्ये असेल तर तो चालू करावा, नाहीतर आज्ञा (कमांड) टाइप करून वेळ सकाळची करून घ्यावी.

सपाट जगाचा पर्यायही असतो, आणि अनेक मार्गदर्शक तो सुचवतात. मी सुचवणार नाही. सपाट जमीन काहीच विचारत नाही. उतार असला की जोते कोठे उंच घ्यायचे हे ठरवावे लागते, शेजारी ओढा असला की दार कोणत्या बाजूला हे सुचते. साध्या जगात जाऊन थोडे फिरावे आणि ओढा, टेकडी किंवा झाडांची राई यांपैकी एक तरी गोष्ट जेथे आहे अशी जागा निवडावी.

उडण्यासाठी कीबोर्डवरची स्पेस कळ दोनदा पटकन दाबावी. उडत असताना तीच कळ वर नेते आणि शिफ्ट कळ खाली आणते. ई कळीने सर्व वस्तूंचा साठा उघडतो. समोर दिसणारा ब्लॉक हाती हवा असेल, तर माउसचे मधले बटण दाबावे. ही एक सोय माहीत असली की साठ्यात शोधाशोध करण्याचा बराच वेळ वाचतो.

पाचवी पायरी: एक घर, चार वस्तू

जागा मिळाल्यावर तिच्याभोवती वीस बाय वीस ब्लॉकचे कुंपण घालावे. पहिले काही दिवस या कुंपणाबाहेर काहीही बांधायचे नाही. नंतर साठ्यातून चारच वस्तू घ्याव्यात: जोत्यासाठी दगड, खांबांसाठी लाकडाचे ओंडके, भिंतीसाठी फळ्या आणि छपरासाठी गडद रंगाच्या पायऱ्या, म्हणजे पायरीच्या आकाराचे ब्लॉक. दारे, काचा आणि दिवे यांत धरायचे नाहीत. वस्तू वाढल्या की घर गोधडीसारखे दिसू लागते, आणि नवख्यांच्या बांधकामात सर्वाधिक आढळणारा दोष हाच असतो.

भिंतींची मापे विषम घ्यावीत. सात ब्लॉक रुंद आणि नऊ ब्लॉक लांब हे माप सोयीचे आहे. सातच्या बाजूला चौथ्या ब्लॉकवर दार घेतले की ते बरोबर मध्यावर येते. रुंदी आठ असती तर एका दाराला मध्यच सापडला नसता. भिंती चार ब्लॉक उंच करा. नऊच्या बाजूला बाहेरून पहिल्या, पाचव्या आणि नवव्या ब्लॉकसमोर ओंडक्यांचे खांब उभे करा, म्हणजे भिंतीच्या रेषेत न घेता एक ब्लॉक पुढे. दोन खांबांमध्ये तीन ब्लॉकची जागा उरते. तिच्या मध्यावर खिडकी घ्या. सपाट भिंत खोक्यासारखी दिसते, ती केवळ सावली नसल्यामुळे. खांब पुढे आले की त्यांच्यामागे सावली पडते, आणि तेवढ्यानेच घराला वजन येते. सातच्या बाजूला दोन्ही टोकांना असेच खांब द्या.

छपराकडे नवखे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि घराचे रूप सर्वांत जास्त त्यावरच ठरते. खांबांसह रुंदी आता नऊ झाली आहे. दोन्ही बाजूंच्या खांबांच्या माथ्यापासून पायऱ्यांच्या ओळी आत चढवत न्या. प्रत्येक ओळ मागच्या ओळीपेक्षा एक ब्लॉक उंच आणि एक ब्लॉक आत. दोन्हीकडून चार-चार ओळी झाल्या की मध्ये एकच ओळ उरते, तेथे आढे घ्या. लांबीच्या दोन्ही टोकांनाही छप्पर भिंतीच्या एक ब्लॉक पुढे काढा. अशी वळचण मिळाली की छप्पर भिंतीवर झाकणासारखे बसलेले वाटत नाही. दोन्ही टोकांना जे त्रिकोण उघडे राहतात, ते फळ्यांनीच भरा आणि एकात लहान खिडकी ठेवा.

आत पाच बाय सातची खोली मिळते. ती एवढीशी वाटते, पण भरायला सोपी असते. मशाली भिंतीवर ओळीने लावण्याऐवजी प्रकाश देणारा ब्लॉक जमिनीत बसवून त्यावर गालिचा अंथरावा. प्रकाश गालिच्यातून वर येतो आणि दिवा दिसत नाही. चुलीसाठी लाव्हा वापरू नये, कारण शेजारच्या लाकडाला आग लागून घर जळू शकते. त्याऐवजी शेकोटी वापरावी, तिच्यापासून आग पसरत नाही. धुराड्याच्या तोंडाशी अशी शेकोटी लपवली की घरातून धूर निघताना दिसतो, आणि तिच्याखाली वाळक्या गवताचा भारा ठेवला तर तो धूर आणखी उंच जातो. आपण बांधलेल्या घरातून धूर निघताना दुरून पहिल्यांदा दिसतो, तेव्हा या खेळाची ओढ का लागते ते समजते.

सहावी पायरी: घराभोवतीची जमीन

घर झाले की लगेच दुसरे घर बांधू नये. कुंपणाच्या आत उरलेल्या जागेला घराइतकाच वेळ द्यावा. दारापासून कुंपणापर्यंत एक वाट काढावी आणि ती सरळ न नेता एखाद्या झाडाला वळसा घालून न्यावी. वाटेत दगड, खडी आणि माती असे दोन-तीन जवळच्या रंगांचे ब्लॉक मिसळून टाकले की ती वापरातली वाटते. झाडे एकाच उंचीची असतील, तर एक-दोन हाताने वाढवावीत. जोते जेथे उतारावर उंच झाले असेल, तेथे दोन पायऱ्या आणि कडेला थोडे गवत द्यावे. घर जमिनीवर ठेवलेले दिसते की जमिनीतून उगवलेले, हे या कामावर ठरते.

टायनी ग्लेडमध्ये हीच शिस्त वेगळ्या रीतीने पाळता येते. तेथे जागा मुळातच बेताची असते. दिवसाची वेळ आपल्या हातात असते आणि छायाचित्र काढण्याचा मोडही असतो, म्हणून सकाळी बांधलेली भिंत संध्याकाळच्या उन्हात कशी दिसते ते पाहूनच पुढचा बदल करावा.

हात थांबतो तेव्हा

काही सुचत नाही अशी वेळ सर्वांवर येते. अशा वेळी दुसऱ्यांनी बांधलेले प्रचंड राजवाडे पाहत बसणे हा वाईट उपाय आहे. ती कामे अनेकदा अनेकांनी मिळून, दीर्घकाळ खपून केलेली असतात आणि त्यांच्याशी तुलना केली की आपले सात बाय नऊचे घर उगीचच क्षुल्लक वाटते. त्यापेक्षा घराला एक रहिवासी द्यावा. येथे मधमाश्या पाळणारी आजी राहते, असे ठरवले की मधाचे पोळे कोठे, फुले कोठे, बसायला बाक कोठे, हे प्रश्न एकामागून एक उभे राहतात आणि प्रत्येक प्रश्न हाताला काम देतो. हेही जमले नाही, तर एखादा रंग वर्ज्य करावा किंवा लाकूडच वापरायचे नाही असे ठरवावे. कुंपण वाढवण्याची घाई मात्र करू नये.

जतन, सोबत आणि पुढचा टप्पा

माइनक्राफ्टमध्ये एक पाऊल मागे जाण्याची सोय नाही. म्हणून मोठा बदल करण्याआधी, विशेषतः पाणी सोडण्याआधी किंवा आगीशी खेळण्याआधी, जगाची एक प्रत काढून ठेवावी. संगणकावरच्या जावा आवृत्तीत जगांच्या यादीतूनच ती काढता येते. खेळाची नवी आवृत्ती उतरवण्यापूर्वीही हे करावे. टाउनस्केपरमध्ये संपूर्ण गाव अक्षरांच्या एका ओळीत उतरवून घेता येते. ती ओळ कोठेही जपून ठेवली किंवा मित्राला पाठवली, की तेच गाव पुन्हा उभे राहते.

मुले सोबत खेळणार असतील, तर अनोळखी लोकांच्या सार्वजनिक सर्व्हरवर जाण्याऐवजी घरातच, एकाच नेटवर्कवरून एका जगात शिरावे आणि प्रत्येकाला स्वतःचे कुंपण आखून द्यावे. दुसऱ्याच्या कुंपणात विचारल्याशिवाय ब्लॉक काढायचा नाही, हा एकच नियम बहुतेक भांडणे टाळतो.

कुंपणातली जमीन भरून गेली आणि तरीही बांधण्याची इच्छा उरली, तर दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे शेजारी दुसरे कुंपण आखून दोन्हींना जोडणारा पूल बांधणे. बहुतेकांसाठी हीच योग्य आहे. दुसरी म्हणजे त्याच खेळात सर्व्हायव्हल मोडचे नवे जग पीसफुल काठिण्यावर सुरू करणे, जेथे भूक लागत नाही आणि शत्रू येत नाहीत, पण प्रत्येक फळी झाड तोडून आणि प्रत्येक दगड खणून मिळवावा लागतो. तेथेही पहिले घर सात बाय नऊचेच घ्यावे. मापे हाताला सवयीची झालेली असतात, त्यामुळे सगळे लक्ष लाकूड किती लागेल आणि दगड कोठे मिळेल या नव्या हिशेबाकडे देता येते.